ठणका कुठल्या दाताचा? नस आणि मुळाच्या आजाराचं निदान, पायरी पायरीनं

माझा दवाखाना बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. बाजाराच्या दिवशी बाहेरच्या बाकावर एखादा माणूस हमखास दिसतो. एक हात गालाला आणि मांडीवर गार पाण्याची बाटली. दर दोन मिनिटांनी घोट घ्यायचा, दाढेवर धरायचा, थुंकायचा. त्याला खुर्चीत घेण्याआधीच निम्मं निदान झालेलं असतं. गरमानं कळ उठते आणि गारानं शमते, म्हणजे त्या दाताची नस आता सावरण्याच्या पलीकडे गेली आहे. पण दात कुठला, हे ती बाटली सांगत नाही.

ते मी फार महागात शिकलो. दवाखाना टाकला त्या पहिल्या वर्षी एक मावशी खालची दाढ दाखवत आल्या. त्या दाढेत खड्डा दिसत होता, त्या रडत होत्या, बाहेर रांग होती. मी भूल दिली आणि दाढ उघडली. दुसऱ्या दिवशी मावशी परत आल्या, ठणका तसाच. मग वरच्या दाढेतल्या जुन्या फिलिंगखाली खोल कीड सापडली. खालच्या दाढेची कीड उथळ होती, साध्या फिलिंगनं भागलं असतं. ती नस मी विनाकारण घालवली आणि ती परत आणता येत नाही. तेव्हापासून एक शिस्त पाळतो. दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहिल्याशिवाय ड्रिल उचलायचं नाही. आत नसेची अवस्था काय? आणि बाहेर, मुळाच्या टोकाभोवती काय चाललंय? ही दोन वेगळी उत्तरं आहेत. एकाचा अंदाज दुसऱ्यावरून बांधला की चूक होते.

हा लेख कॉलेजातून नुकतेच बाहेर पडून तालुक्याला आलेल्या दंतवैद्यांसाठी आहे. रुग्णांनीही वाचावा. डॉक्टर दुखती दाढ सोडून आधी चांगल्या दाताला गार का लावतात, ते त्यांना कळेल.

पहिली पायरी: माणूस काय म्हणतो ते त्याच्या शब्दांत लिहा

‘पेन’ एवढंच लिहून केसपेपर भरू नका. आपल्याकडची माणसं दुखण्याचं इतकं नेमकं वर्णन करतात की अर्धी तपासणी त्यातच होते.

‘दात हुळहुळायलेत’, ‘शिणशिणायलेत’ असं कुणी म्हटलं, चिंच किंवा गार पाणी लागलं की सळ येते आणि लगेच जाते असं सांगितलं, तर बहुधा दाताचा आतला थर उघडा पडलेला असतो किंवा कीड अजून वर असते. नस चिडलेली आहे, पण शांत होऊ शकते. ‘ठणकायलीय, रातभर डोळ्याला डोळा नाही’ म्हटलं की गोष्ट वेगळी. काही न खाता-पिता आपोआप उठणारा ठणका, आडवं पडल्यावर वाढणारा, गार-गरम काढून घेतलं तरी अर्धा मिनिट, कधी कित्येक मिनिटं रेंगाळणारा, ही न सावरणाऱ्या नसेची भाषा. ‘दात उंच लागायलाय’, ‘दुसऱ्या दातांच्या आधी टेकायलाय’ हे वाक्य मुळाच्या टोकाबद्दल बोलतं. तिथला धागा, म्हणजे दात आणि हाड यांच्यामधलं अस्तर, सुजलेला असतो. आणि सगळ्यांत फसवं वाक्य म्हणजे ‘आठ दिवस लई दुखली, मग आपोआप राहिली’. दुखणं राहिलं म्हणजे बहुतेक वेळा नस मेली. आजार संपलेला नसतो, तो मुळातून हाडाकडे निघालेला असतो.

या शब्दांमागचं शरीरशास्त्र माहीत असलं की ते पाठ करावे लागत नाहीत. नसेच्या कडेला ए-डेल्टा तंतू असतात. दाताच्या सूक्ष्म नळ्यांतला द्रव गारानं हलला की ते चटकन सळ मारतात. खोलवर सी तंतू असतात, ते संथ. त्यांचं दुखणं जड, ठणकणारं आणि नेमकी जागा न सांगणारं. नसेला रक्त कमी पडू लागलं तरी ते बराच काळ टिकतात. म्हणून आजार वाढत गेला की गारानं येणारी सळ मागे पडते आणि गरमानं उठणारा ठणका पुढे येतो. नस चारही बाजूंनी टणक भिंतीत कोंडलेली आहे, सुजायला जागा नाही. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्तदाब वाढतो आणि ठणकाही वाढतो.

दुखतं कुठे याबाबत मात्र रुग्णावर विसंबू नका. नसेला स्वतःची जागा सांगता येत नाही, ते काम मुळाभोवतीच्या धाग्याचं. सूज आतच असते तोवर माणूस वरचं दुखणं खाली सांगतो, खालच्या दाढेचं कानात सांगतो. बाजू मात्र सहसा बदलत नाही. उजव्या दाढेचं दुखणं डावीकडे जात नाही. पुढच्या, मधल्या रेषेजवळच्या दातांत तेवढी गल्लत होऊ शकते. सूज धाग्यापर्यंत पोचली की माणूस एका बोटानं दात दाखवतो.

या पायरीवर आणखी तीन प्रश्न सोडू नका. गोळी कधी घेतली? बहुतेक जण मेडिकलवरून वेदनाशामक घेऊनच येतात आणि तिचा अंमल असताना गाराची व ठोकण्याची तपासणी खोटी उत्तरं देते. शक्य असेल तर गोळी उतरल्यावर तपासा. दुसरं, या दातावर आधी काही झालंय का? फिलिंग, मार, अर्धवट सोडलेलं रूट कॅनॉल. तिसरं, साखर, बीपी, हृदयाच्या गोळ्या, गर्भारपण. सुजेचा रुग्ण असेल तर मी ग्लुकोमीटरनं साखर पाहतोच. अनेकांना मधुमेह आहे हे माझ्या खुर्चीतच पहिल्यांदा कळलं.

दुसरी पायरी: डोळे आणि बोटं

आधी चेहरा बाहेरून पाहा, मग तोंड. गालाची सूज, जबड्याखालच्या गाठी, तोंड किती उघडतं. हनुवटीवरची किंवा गालावरची न भरणारी जखम कधीही नुसती कातडीची समजू नका. महिनोन्‌महिने मलमं लावून दमलेला एक तरुण माझ्याकडे आला होता. त्याच्या हनुवटीवरचं ते भोक खालच्या पुढच्या मेलेल्या दाताच्या मुळाशी जाऊन मिळत होतं. लहानपणी बैलगाडीवरून पडल्याचं त्याला विचारल्यावर आठवलं. रूट कॅनॉल झालं आणि जखम आपली आपण भरली.

तोंडात हिरडीवर पुळी आहे का पाहा. मिसरी किंवा तंबाखू दाबून ठेवलेली जागा नीट बघा. दाढ दुखते म्हणून तिथे जास्त मिसरी लावणाऱ्या आजी आपल्याकडे खूप आहेत. तिथली कातडी पांढरी, जाड झाली असेल तर दाताच्या पलीकडचा विचार करायला हवा. रिंगणीच्या बियांची धुरी घेऊन ‘किडे पाडून’ आलेलेही असतात. त्यांना रागावू नका. धुरीनं दाढेतून अळ्या पडत नाहीत हे शांतपणे सांगा आणि पुढे चला.

नांदेड जिल्ह्यात किनवटच्या बाजूला आणि इतरही काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त असतं. तिथल्या दातांवरचे तपकिरी डाग आणि खड्डे पाहून कीड समजू नका. प्रोबनं, म्हणजे तपासायच्या बारीक सळईनं, टणक लागलं आणि एक्स-रेत काही नसेल तर तो डागच असतो.

तिसरी पायरी: गार

तालुक्याच्या दवाखान्यात नसेची सगळ्यांत भरवशाची तपासणी हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

गाराचा स्प्रे असेल तर उत्तम. स्प्रे कापसाच्या बोळ्यावर मारायचा, थेट दातावर नाही. नसेल तर सुईच्या प्लॅस्टिकच्या टोपणात पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवा, बर्फाची कांडी तयार. गॉजमध्ये धरा. बर्फाचं पाणी ओघळून शेजारच्या दाताला किंवा हिरडीला लागलं तर उत्तर बिघडतं, म्हणून मागच्या दातापासून पुढे या.

दात कापसानं कोरडा करा, दोन्ही बाजूंना कापसाची गुंडाळी ठेवा. रुग्णाला सांगा, ‘गार लागलं की हात वर करा, गेलं की खाली करा.’ सुरुवात दुखत्या दातापासून कधीच नाही. आधी दुसऱ्या बाजूचा तोच दात, मग शेजारचे, शेवटी संशयाचा. प्रत्येक माणसाची सहनशक्ती वेगळी असते. त्याचं स्वतःचं माप कळल्याशिवाय ‘जास्त लागलं’ या शब्दाला अर्थ नाही. गार काढल्यावर मनात सेकंद मोजा.

चांगल्या दातासारखंच लागलं आणि लगेच गेलं, तर नस निरोगी. जोरात सळ येऊन काही सेकंदांत गेली, तर सावरू शकणारी सूज. हात वरच राहिला, तीस सेकंद, मिनिट, माणूस गाल दाबून बसला, तर न सावरणारी सूज. काहीच कळलं नाही, तर नस बहुधा मेलेली.

‘बहुधा’ हा शब्द जपून ठेवा. वयस्कर माणसाच्या दातात नसेची पोकळी कॅल्शियमनं बुजलेली असते, तिथे जिवंत नसही गाराला उत्तर देत नाही. मार लागलेला दात कित्येक आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत मुका राहून पुन्हा बोलू लागतो. तो लगेच उघडणं चूक आहे. मुळाचं टोक अजून तयार न झालेल्या मुलांच्या दातांत विजेची चाचणी (दाताला बारीक करंट देऊन नस तपासणं) तर अगदीच फसवी ठरते. दाढेला दोन-तीन मुळं असतात. एकातली नस मेली आणि दुसरीतली जिवंत, असंही होतं. आणि मुळात गार असो वा वीज, आपण फक्त संवेदना तपासतो. नसेत रक्त वाहतंय की नाही हे त्यातून थेट कळत नाही.

विजेच्या मशीनचा आकडा म्हणजे नसेच्या तब्येतीचे गुण नव्हेत. ‘उत्तर आलं की नाही’ एवढंच त्यातून घ्यावं. कॅप बसवलेल्या दातावर ते चालत नाही. गार मात्र धातूच्या कॅपवरूनही बरेचदा पोचतं.

गरमाची तपासणी रुग्णाची तक्रारच गरमाची असेल तेव्हा करा. दाताला व्हॅसलिन लावून तापवलेली गुट्टापर्चाची (रूट कॅनॉल भरायच्या रबरासारख्या पदार्थाची) कांडी काही सेकंद टेकवायची, धरून ठेवायची नाही. जास्त नेमकं हवं असेल तर एकेका दाताला रबर डॅम (तो दात वेगळा काढणारा रबरी पडदा) लावून सिरिंजनं कोमट-गरम पाणी सोडा. ज्या दातावर रुग्ण म्हणेल ‘हेच, हेच दुखणं’, तो दात सापडला. माझ्यासाठी हा सगळ्यात मोठा पुरावा आहे. रुग्ण घरून जे दुखणं घेऊन आला तेच खुर्चीत उठवता आलं पाहिजे. ते उठत नसेल तर त्या दिवशी दात उघडू नका.

चौथी पायरी: मुळाभोवती काय आहे

आता दुसरा प्रश्न. आधी बोटानं दात दाबा, मग आरशाच्या दांड्यानं हलकेच ठोका. इथेही चांगल्या दातापासून सुरुवात. ठोकल्यावर दुखलं म्हणजे धागा सुजलाय, एवढंच सिद्ध होतं. नस मेली असं सिद्ध होत नाही. उंच राहिलेलं फिलिंग, सायनसची सूज, हिरडीचा आजार, यातही ठोकल्यावर दुखतं. वरच्या दोन-तीन दाढा एकदम दुखत असतील, वाकल्यावर जड होत असेल, नाक चोंदलेलं असेल तर आधी सायनसचा विचार करा.

मुळाच्या टोकाच्या उंचीवर हिरडीवरून बोट फिरवा. दुखणारी, फुगीर किंवा मऊ जागा लगेच कळते. मग प्रोब दाताभोवती पूर्ण फिरवा. सगळीकडे सारखीच जास्त खोली असेल तर हिरडीचा जुना आजार. एकाच ठिकाणी अरुंद, सरळ खाली जाणारी खोली लागली तर मुळाला तडा गेलेला असू शकतो, किंवा मुळाचा पू तिथून वाट काढत असतो. हिरडीजवळ गळू आहे, पण गाराला नस चोख उत्तर देते, तर ते गळू हिरडीचं आहे. रूट कॅनॉलनं ते जाणार नाही.

तडा शोधणं हे आपल्याकडचं खास काम. सुपारी, फुटाणे, भाकरीत आलेला खडा. एकेका उंचवट्यावर कापसाची गुंडाळी किंवा लाकडी काडीचं टोक ठेवून चावायला लावा. दाबताना नाही, सोडताना सळ आली तर तड्याचा संशय घ्या. खोलीतला दिवा मालवून बाजूनं बारीक उजेड टाका. तड्यापाशी उजेड अडतो आणि पलीकडचा भाग काळा दिसतो.

हिरडीवर पुळी असेल तर तिच्या भोकातून २५ किंवा ३० नंबरची गुट्टापर्चाची काडी हळूच आत सरकवा आणि तशीच ठेवून एक्स-रे काढा. काडी ज्या मुळाशी थांबेल तो गुन्हेगार. पुळी ज्या दातासमोर आहे, तोच तिचा दात असतो असं मुळीच नाही.

पाचवी पायरी: एक्स-रे, पण शेवटी

एक्स-रे आधी काढला की मन त्याच्याच मागे धावतं. तपासणी झाल्यावर काढा. मुळाच्या टोकापलीकडचं दोन-तीन मिलिमीटर हाड दिसायला हवं. दाढ असेल तर एक्स-रेची नळी वीस अंश सरकवून दुसरा काढा, एकामागे एक लपलेली मुळं सुटी होतात. फिलिंगखालची कीड बाइटविंगवर (दात मिटून काढलेल्या एक्स-रेवर) जास्त चांगली दिसते.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पहिली, काळी सावली दिसण्याआधी हाडातली खनिजं बरीच, साधारण तीस ते पन्नास टक्के गेलेली असतात. आजार हाडाच्या आतल्या जाळीदार भागातच असेल तर तो दिसतही नाही. म्हणून नुकतीच सुजलेली, ठोकल्यावर ओरडायला लावणारी दाढ एक्स-रेत अगदी स्वच्छ दिसू शकते. दुसरी, प्रत्येक काळी सावली आजाराची नसते. खालच्या उपदाढेजवळ जबड्याच्या नसेचं नैसर्गिक छिद्र असतं. कोन बदलून दुसरा एक्स-रे काढला की ते मुळापासून सरकतं. मुळाचा आजार मुळाला चिकटून राहतो. मध्यमवयीन बायांच्या खालच्या पुढच्या दातांखाली काळ्या सावल्या दिसल्या आणि सगळे दात गाराला उत्तर देत असतील, तर तो हाडाच्या जडणघडणीतला फरक असण्याची शक्यता मोठी. त्या दातांना हात लावू नका.

आता लिहा

सगळं समोर आलं की दोन ओळी लिहायच्या. पहिल्या ओळीत नस. निरोगी, सावरणारी सूज, न सावरणारी सूज (दुखणारी किंवा न दुखणारी), मेलेली, आधी उपचार पूर्ण झालेला, किंवा उपचार सुरू करून सोडलेला. दुसऱ्या ओळीत मूळ. निरोगी, दुखणारी सूज, सावली आहे पण दुखत नाही अशी सूज, तीव्र गळू, पुळीतून वाहणारं जुनं गळू, किंवा मुळाशी हाड दाट पांढरं झालेलं.

उदाहरण देतो. बाटलीवाला दादा. खालची उजवी पहिली दाढ, म्हणजे ४६ नंबर. गरमानं तेच दुखणं उठलं आणि दोन मिनिटं राहिलं, ठोकल्यावर दुखलं, एक्स-रे स्वच्छ. तर ‘४६, न सावरणारी दुखणारी नसेची सूज, मुळाभोवती दुखणारी सूज’. इथे नस अजून जिवंत आहे. अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. नसेच्या सुजेवर ते काम करत नाही, आणि तरी आपल्याकडे पाच दिवसांचा कोर्स सर्रास दिला जातो. इथे लागते ती भूल, आतली नस काढणं, आणि पोट-मूत्रपिंड ठीक असेल, गर्भारपण नसेल तर आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉल. अँटिबायोटिक सूज पसरत असेल, ताप असेल, गाठी आल्या असतील तेव्हा, आणि तेव्हाही पू बाहेर काढण्याच्या जोडीला.

वरचा की खालचा हे अजूनही ठरत नसेल, तर आधी एकाच जबड्याला भूल द्या आणि थांबा. ठणका गेला तर दात त्याच जबड्यात. शेजारशेजारच्या दोन दातांत मात्र यानं निवड होत नाही.

सगळ्या तपासण्या निरोगी आणि माणूस तरी तळमळतोय? मग दात सोडून विचार करा. तोंड धुताना, वारा लागताना क्षणभर विजेसारखा झटका बसत असेल तर तो चेहऱ्याच्या नसेचा आजार. शेतातून चढ चढताना डावा जबडा दुखतो आणि थांबलं की राहतं, घाम येतो, तर आधी ईसीजी.

तोंड दोन बोटंही उघडत नाही, गिळता येत नाही, लाळ गळतेय, जिभेखाली टणक होऊन जीभ वर ढकललीय, डोळा सुजून बंद झालाय, आवाज घोगरा झालाय. यातलं एकही दिसलं तर निदानाचा कागद नंतर. अंबाजोगाई, लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, जे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ असेल तिथे लगेच पाठवा. फोन करून कळवा, रुग्ण एकटा एसटीनं जाऊ देऊ नका.

कारखान्याला जाण्याआधी

दसरा-दिवाळीच्या सुमारास माझ्याकडे एक प्रश्न सगळ्यांत आधी विचारला जातो. ‘टोळी कधी निघणार?’ ऊसतोडीला जाणारा माणूस उचल घेऊन बसलेला असतो, मुकादम थांबत नाही. दाढ उघडून, तात्पुरतं फिलिंग भरून तो पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेला की पाच-सहा महिने परत येत नाही. फिलिंग निघतं, दाढ पुन्हा भरते, आणि तिकडच्या डॉक्टरला आत काय केलंय याचा पत्ता नसतो. म्हणून हातात आठवडा असेल आणि नस न सावरणारी असेल तर मी शक्यतो एकाच बैठकीत रूट कॅनॉल पूर्ण करतो. तेवढा वेळ नसेल आणि दाढ टिकण्यासारखी नसेल, तर काढण्याचा पर्याय स्पष्ट सांगतो. उघडावीच लागली तर एका कागदावर दाताचा नंबर, नसेची आणि मुळाची ओळ, कुठले कॅनॉल सापडले, आत कुठलं औषध ठेवलं आणि तारीख लिहितो. त्या कागदाचा आणि एक्स-रेचा फोटो त्यांच्या मोबाइलवर टाकतो. घरात एकच फोन असेल तर तो नवऱ्याकडे की बायकोकडे राहणार, तेही विचारून घेतो.

सावरणाऱ्या सुजेचं फिलिंग करून पाठवलं असेल तर त्यालाही सांगून ठेवतो. गारानं थोडं लागणं काही दिवसांत कमी होत जाईल. पण रात्री आपोआप ठणका सुरू झाला, तर निदान बदललं. तेव्हा मेडिकलवरून गोळ्या घेऊन दिवस ढकलायचे नाहीत. कारखान्याजवळच्या दंतवैद्याला हा फोटो दाखवायचा.